ज्या परेडमध्ये आमचा निखिल नव्हता

कोलशेत

तिकिटं आम्ही रद्द केली नाहीत. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचताना कोणाला वाटायचं की ह्यांना वेळेवर कळलं नसेल, म्हणून गेले बिचारे. कळलेलं. चांगलं कळलेलं. तरी गेलो.

माझा मुलगा निखिल अग्निवीर म्हणून भरती झाला आणि ट्रेनिंगला जबलपूरला गेला. ट्रेनिंग संपलं की पोरं शपथ घेतात, त्याची मोठी परेड असते, आणि तिला आईवडिलांना बोलावतात. बोलावणं आल्यापासून माझे पाय जमिनीवर नव्हते. ठाण्यात आमच्या कोलशेतला जिथे पूर्वी कंपन्यांचे भोंगे वाजायचे तिथे आता टॉवर झालेत, आणि त्या टॉवरांत मी चपात्या लाटायला जाते. एकही किचन सोडलं नाही मी, सगळीकडे सांगून झालेलं. एका मॅडमनी तिकिटं काढून दिली, दुसरीने प्रवासाची बॅग दिली, तिसरीने सांगितलं की तिकडे जूनमध्ये गरम वारा सुटतो, कांदा जवळ ठेवा. ह्या बायकांचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते मी इथे लिहून ठेवते. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात लिहायला त्यांनीच मला बसवलं. सातवीपर्यंतच शिकलेय मी. चुकलं तर सांभाळून घ्या.

तर चकल्या तळून झाल्या, सुक्या जवळ्याची चटणी बरणीत भरून झाली, आणि निघायच्या आदल्या रविवारी निखिलचा फोन आला. त्यांना रविवारीच फोन मिळतो.

"आई, येऊ नका."

"का रे? काय झालं?"

"पाय. नडगीच्या हाडाला बारीक तडा गेलाय. धावून धावून होतं असं. डॉक्टर म्हणाले, जोर द्यायचा नाही. मला रेलिगेट केलं."

"म्हणजे नापास?"

"नापास नाही गं. मागच्या बॅचमध्ये टाकलं, त्यांची परेड डिसेंबरात. सगळे शपथ घेऊन जाणार, मी इथेच." आणि मग म्हणाला, "मला नाही राहायचं इथे. अर्ज देतो आणि घरी येतो."

खरं सांगू? ऐकल्या ऐकल्या मला हायसं वाटलं. मी मुळात घाबरट बाई आहे. तो भरती झाल्यापासून टीव्हीवर सीमेचं काही लागलं की मी आवाज बंद करायची. आता घरी येतो म्हणाला, तर देवाजवळ दिवा लावला मी. हे कोणाला सांगितलं नव्हतं, आता सांगते.

संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांना कळलं. आमचे थोरले भाऊजी डोंबिवलीला राहतात. त्यांचा फोन आला. ते बोलायला लागले की मध्ये कोणाला बोलता येत नाही.

"सुनंदा, तिकिटं आहेत ना, मग जा, आणि घेऊनच या त्याला. मी एमआयडीसीत बोलून ठेवतो. चार वर्षांच्या नोकरीसाठी हाडं कशाला मोडून घ्यायची? आणि त्या परेडला बिरेडला बसू नका. दुसऱ्यांच्या पोरांना टाळ्या वाजवायला एवढ्या लांब जायचं का? विचारलं कोणी तर तब्येतीमुळे सोडलं म्हणून सांगा."

आमचे हे म्हणाले, "दादा बरोबर बोलतोय." ह्यांना दादा नेहमीच बरोबर वाटतात. आमचे हे कमी बोलतात, पण जेवढं बोलतात ते बहुतेक हेच असतं.

ह्यांची मोठी बहीण, आमच्या कुसुम वन्सं, त्याही डोंबिवलीच्याच. त्यांचं तिकीट आमच्याबरोबर होतं. मला वाटलं त्या येणार नाहीत. तर त्या म्हणाल्या, "मी येणार. परेडसाठी साडी घेतलीय मी. पोराचा पाय मोडला म्हणून साडी परत घेणारेय का दुकानदार?"

असे आम्ही तिघं निघालो. परेड बघायला की पोराला आणायला, ते निघताना माझं मलाच ठाऊक नव्हतं.

जबलपूर

गाडीतलं फार सांगत नाही. कल्याणला बसलो, दुसऱ्या दिवशी उतरलो. फक्त चटणीचं सांगते. रात्रीत बरणीचं झाकण सैल झालं, आणि सकाळी अख्ख्या डब्याला जवळ्याचा वास. समोरच्या सीटवर कटनीचे एक आजोबा, गळ्यात तुळशीची माळ. ते नाकाला उपरणं लावून विचारतात, "ये महक काहे की है?" मी पांढरीफटक. वन्सं शांतपणे म्हणाल्या, "घुटने का तेल है. आयुर्वेदिक."

"बहुत तेज है," आजोबा म्हणाले. आणि थोड्या वेळाने हळूच, "हमारे भी घुटने में दर्द है, बहनजी. जरा सा मिलेगा?"

वन्संनी पर्समधून स्वतःचा बाम काढून दिला. आजोबा चोळत बसले आणि म्हणाले, लगाने पे महक बदल जाती है. मी खिडकीकडे तोंड करून पदर तोंडात कोंबला. पोराचा फोन आल्यापासून पहिल्यांदा हसले मी.

आम्ही उतरलेलो ग्वारीघाटाजवळच्या धर्मशाळेत. नर्मदेचा घाट तिथून चालत जाण्याएवढा. सकाळच्या नाश्त्याला पोहे मिळाले, पण आपल्यासारखे ओलं खोबरं घातलेले नाहीत. वर शेव, आणि सोबत गरम जिलबी! पोहे आणि जिलबी एका घासात खातात ती माणसं. संध्याकाळी खव्याची जिलबी बघितली, काळीकुट्ट. वन्सं दुकानदाराला मराठीतच म्हणाल्या, "करपलेली देतोस होय रे?" त्याला काही कळलं नाही. त्याने एक तुकडा हातावर ठेवला. तो खाल्ला आणि वन्संनी आणखी तोलून घेतली. करपलेली नव्हती, तिचा रंगच तसा. आतून मऊ, गुलाबजामसारखी.

ऊन मात्र विचारू नका. आपल्याकडे घामाने जीव जातो, तिथे घामच येत नाही, नुसतं भाजतं. हवेला ओल म्हणून नाही. कांदा मी खरंच पदराला बांधून फिरत होते.

नर्मदा मला नवीनच होती. मी गुहागरकडची. माहेरी समुद्र, सासरी कोलशेतची खाडी. पाणी म्हणजे मला भरती-ओहोटी माहीत. आणि खाडीचं पाणी कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको, पुलावरून जाताना आपण रुमाल शोधतो. इथे बायका त्याच पाण्यात अंघोळ करत होत्या, तेच तांब्यात भरून घरी नेत होत्या. भेटेल तो "नर्मदे हर" म्हणतो. दुकानदार, रिक्षावाला, सगळे.

वन्संनी नवस म्हणून नारळ आणलेला. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला दर्याला देतात तसा त्यांनी हात जोडून पाण्यात सोडला. निखिलचा पाय बरा होऊ दे म्हणाल्या. नारळ थोडा पुढे गेला असेल, तेवढ्यात एका नावाड्याने वल्ह्याने तो ओढला, पुसला, आणि घाटावरच्या फुलवालीच्या टोपलीत ठेवला!

वन्सं पायऱ्या उतरून त्याच्या अंगावर गेल्या. "अरे, देवाला दिलेला नारळ परत काढतोस? आमच्याकडे समुद्राला दिलेलं कोण हात लावत नाही!"

तो हसून म्हणाला, "अम्मा, मैया ने ले लिया. अब मैया हमको दे रही है."

"आणि ती पुन्हा विकणार!"

"तो फिर कोई मैया को ही चढ़ाएगा ना."

वन्सं पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे माझा नवस फिरतच राहणार. बरं आहे, संपायचा तरी नाही."

संध्याकाळी आरती झाली. लोकांनी दिवे सोडले. हे माझ्या शेजारी बसलेले. एकदम म्हणाले, "घेऊन जाऊया ना गं त्याला?"

मी म्हटलं, "उद्या बघू."

गेटच्या आत

परेडच्या आदल्या दिवशी आईवडिलांना आत सोडतात. गेटवर बॅगा उघडून बघतात. चटणीची बरणी बघून तिथला जवान नाक मुरडेल असं मला वाटलं, पण तो वास घेऊन म्हणाला, "मावशी, जवळा?" तो सिंधुदुर्गचा निघाला. त्याने बरणीचं झाकण घट्ट लावून दिलं आणि त्याबद्दल मी त्याला मनातून आशीर्वाद दिला.

आत सगळं इतकं स्वच्छ, की चप्पल घालून चालायला भीती वाटत होती. झाडांच्या बुंध्यांना चुना. रस्त्यावर एक पान नाही. सगळीकडे आईबाप आपापल्या पोरांना घट्ट धरून चाललेले. कोणी राजस्थानचे, डोक्याला रंगीत पागोटं. कोणी बिहारचे, हातात सत्तूचे डबे. पोरांची डोकी एकसारखी भादरलेली, आणि सगळी सारखीच हसत होती.

आमचा एका झाडाखाली बाकावर बसलेला. उठला तेव्हा बाकाला धरून उठला. पाया पडायला वाकला, पण डावा पाय बाजूला टाकून वाकला, बकरीच्या करडासारखा. केवढा काळा झालेला. गालाची हाडं वर आलेली. ह्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला तो काढलाच नाही.

"ये रे माझ्या बाळा," म्हणून वन्संनी गळा काढायला सुरुवात केली. तो म्हणाला, "आत्या, प्लीज. सगळे बघतात."

त्याला खायला बसवलं. भात इथे कुठे शिजवणार, म्हणून मी घरून तांदळाच्या पिठाचे वडे करून आणलेले, ते आणि जवळा. खाली मान घालून खात होता. त्याला शिकवणारे उस्ताद येऊन गेले, मोठ्या मिशांचे हरियाणाचे हवालदार. मला म्हणाले, "माताजी, हड्डी है, जुड़ जाएगी. लड़का ठीक है. बस चुप हो गया है." आणि गेले. फार बोलले नाहीत, पण आले हे काय कमी झालं? मी घाबरून त्यांना सलाम ठोकला, उजवा की डावा हात तेही आठवत नाही.

खाऊन झाल्यावर निखिल म्हणाला, "उद्या परेड झाली की अर्ज देतो. एकदा सोडलं की मी तुमच्या मागोमाग येतो. काकांना सांगा, नोकरी बघा म्हणून. थोडे दिवस घरी बसतो, पाय बरा होऊ दे, मग बघू काय ते."

हे लगेच म्हणाले, "दादाने सांगितलंय बोलून ठेवतो म्हणून."

बघा, मला तेच पाहिजे होतं. पोरगा घरी, टीव्हीचा आवाज परत मोठा. पण ते "थोडे दिवस घरी बसतो" ऐकलं आणि मला माझी शाळा आठवली.

मी सातवीत होते तेव्हा माझ्या आईला बाळंतपण आलं. बाबा शाळेत येऊन गुरुजींना म्हणाले, पोरीला थोडे दिवस घरी ठेवतो, आईचं झालं की परत पाठवतो. गुरुजी बरं म्हणाले. माझ्या बाकावर दुसरी मुलगी बसली. आईचं झालं, मग भात लावायला माणूस पाहिजे झालं, मग लहान भाऊ सांभाळायला. मला कोणी शाळेतून काढलं नाही. कोणी मारलं नाही, ओरडलं नाही. थोडे दिवस घरी आणलं, एवढंच. बाबांची चूक म्हणत नाही मी. पण थोडे दिवस घरी आणलेलं पोर परत कोण नेऊन सोडत नाही, हे मला ठाऊक आहे. घरात कोणाला ठाऊक नसेल तेवढं मला ठाऊक आहे.

मी म्हटलं, "आम्ही परेड बघायला आलोय. तुला न्यायला नाही."

हे माझ्याकडे बघत राहिले. वन्सं म्हणाल्या, "अगं सुनंदा!"

निखिल म्हणाला, "परेडमध्ये मी नाहीये, आई!"

"नसशील. तुझे मित्र आहेत ना? ते कसे चालतात ते बघू."

"तुला कळत नाही. उद्या माझी ड्युटी कुठेय माहितीये? तुम्ही बसणार त्या मांडवात. पाहुण्यांना पाणी द्यायचं. सगळे वर्दीत मैदानात, आणि मी ट्रे घेऊन तुमच्यासमोर फिरू?"

"फिर," मी म्हटलं.

परेड

सकाळी सकाळी मांडवात जाऊन बसलो. वन्संनी ती साडी नेसली, नथ घातली. आजूबाजूच्या बायका नथीकडे वळून वळून बघत होत्या.

आवाजाचं आम्हाला कौतुक नाही. टेंभी नाक्याची दहीहंडी ज्याने ऐकलीय त्याला आवाजाचं काय? पण हा आवाज वेगळा होता. एवढ्या पोरांचे बूट एकदम पडायचे आणि एकच आवाज यायचा. आमच्या खुर्च्या थरथरायच्या. दहीहंडीत प्रत्येक जण ओरडत असतो. इथे कोणीच ओरडत नव्हतं आणि तरी छातीत धडधड. मग ध्वज आला. पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री, सगळे आपापले ग्रंथ घेऊन उभे. पोरांनी हात पुढे करून शपथ घेतली. जिथे पाठवतील तिथे जाऊ, जमिनीवरून, पाण्यातून, हवेतून, जीव गेला तरी. माझा त्यात नव्हता म्हणून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. राग आला. कोणाचा आला ते सांगता येत नाही. त्या हाडाचा आला असेल.

निखिल आमच्या पुढच्या रांगेतल्या लोकांना पाणी देत होता. आमच्याकडे बघत नव्हता. ट्रेवर ग्लास भरलेले, आणि लंगडणारा पाय लपवायला तो हळूहळू चालत होता.

माझ्या शेजारी उत्तर प्रदेशचे एक गृहस्थ, सफारी सूट घातलेले. त्यांचा आनंद ऊतू जात होता. मला विचारलं, "बहनजी, आपका बेटा कौन सी लाइन में है?"

ह्यांनी बुटांकडे बघायला सुरुवात केली. तब्येतीमुळे सोडलं म्हणून सांगा, भाऊजींनी शिकवलेलं. ते वाक्य तोंडाशी होतं माझ्या.

मी म्हटलं, "लाइन में नहीं है. वो देखो, पानी दे रहा है ना, वो हमारा है." माझं हिंदी तुम्हाला माहीत आहे. पण मोठ्याने बोलले. "पैर को लगा है उसके. जुड़ेगा, तो चलेगा."

निखिलच्या ट्रेमधले ग्लास वाजले. त्याने ऐकलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

ते गृहस्थ "अच्छा" म्हणाले आणि पुन्हा मैदानाकडे बघायला लागले. वाईट माणूस नव्हता. त्याचा मुलगा त्या मैदानात होता, त्याला दुसरं काय दिसणार? पण वन्सं कुठे ऐकतायत! "निखिल, इकडे ये. घसा सुकलाय माझा. आणि ह्या काकांना पण दे." तो आला. वन्संनी ग्लास घेतला, सावकाश प्यायल्या, आणि रिकामा ग्लास परत ठेवताना त्याच्या दंडावर थाप मारली. "बघ, माझी साडी कशी आहे?" त्याला हसू आलं नाही, पण ओठ हलले.

थोड्या वेळाने माईकवरून सांगितलं, जवानांच्या आईवडिलांनी आपल्या जागी उभं राहावं. त्यांना पदकं लावतात, कौतुक म्हणून. सगळा मांडव उठला. खुर्च्या सरकल्या. आमचे हे बसूनच.

"उठा," मी म्हटलं.

"आपलं कुठेय त्यात?"

"उठा म्हणते ना. निखिल जवान नाही तर कोण आहे? पाणीवाला आहे का?"

"अगं, पदक मिळणार नाही आपल्याला, उगाच..."

वन्सं आधीच उभ्या राहिलेल्या. "पदक नाही तर नाही. उभं राहायला काय तिकीट लागतं?"

मी ह्यांच्या दंडाला धरून उठवलं. उठले. पदकं आली, शेजारच्यांना लागली, पुढच्यांना लागली, आमच्यापुढून ती माणसं तशीच गेली. आम्ही उभेच. सगळे खाली बसल्याशिवाय मी बसले नाही. आणि ह्यांनी मान खाली घातली नव्हती, हे मी बघितलं. समोरून निखिलनेही बघितलं.

परेड संपली. पोरं धावत आली आणि टोप्या आईच्या डोक्यावर घालून फोटो काढायला लागली. आमचा सगळे ग्लास गोळा करून मग आला. रागातच होता.

"सगळ्यांना ओरडून सांगायची काय गरज होती?"

"का? चोरी केलीस?"

"चार जण हसतात इथे. तुला नाही राहायचं त्यांच्यात, मला राहायचंय."

"राहायचंय ना?" मी म्हटलं.

तो म्हणाला, "तसं नाही म्हणालो मी."

"हे बघ. यायचं असेल तर ये, दार उघडं आहे. पण मोडक्या पायाने ठरवू नकोस. पाय जोडू दे, धावून बघ, आणि मग नको वाटलं तर सरळ उभा राहून नको म्हण. तेव्हा मी काकांशी भांडीन तुझ्यासाठी. आता नाही."

तो उत्तर न देता ट्रे उचलून गेला. मला वाटलं ह्यांनी मला बोलावं, ओरडावं. हे म्हणाले, "चल. ऊन चढलं."

भेडाघाट आणि परत

गाडी संध्याकाळची. तोपर्यंत धर्मशाळेत रडत बसायचं का? वन्सं म्हणाल्या, एवढं आलोय तर धबधबा बघू. रिक्षाने भेडाघाटला गेलो. नर्मदा तिथे एकदम खाली उडी मारते आणि पाण्याचा धूर होतो. नावच धुआंधार. जून असून वर उभं राहिलं तर तोंड ओलं होतं. पुढे संगमरवराचे कडे, त्यातून नाव नेतात, आणि नावाडी यमकं जुळवून सगळं सांगतो, कुठला दगड हत्तीसारखा, कुठला गाडीसारखा. वन्सं म्हणाल्या, "मला सगळे दगडासारखेच दिसतात." नावाडी सुद्धा हसला.

धबधब्याच्या कठड्यापाशी ह्यांनी माझ्या कानाशी तोंड आणून काहीतरी सांगितलं. पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. "काय?" मी ओरडले. हेही ओरडले. लग्नाला एवढी वर्षं झाली, ह्यांना ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं. "डिसेंबरात माझी रजा शिल्लक आहे!"

परतीची तिकिटं चार होती. शपथ घेतल्यावर पोरांना रजा मिळते, तो आमच्याबरोबर येणार म्हणून मॅडमनी त्याचंही काढलेलं. स्टेशनवर मी सारखी जिन्याकडे बघत होते. येऊ नये असं वाटत होतं आणि दिसावा असंही वाटत होतं. गाडी हलली तरी जिन्यावर दुसरीच माणसं.

टीसी आला. "चार का टिकट है. चौथा?"

"नहीं आएगा," हे म्हणाले.

नरसिंगपूर गेल्यावर भाऊजींचा फोन. ह्यांनी स्पीकर लावला नाही, पण भाऊजींचा आवाज असाही ऐकू येतो. "काय, बसला का गाडीत निखिल? मी साहेबांशी बोललोय, सोमवारी आण त्याला."

"नाही दादा," हे म्हणाले. "नाही आणला."

"त्याला सोडलं नाही की काय?"

"आम्हीच आणला नाही." मग जरा थांबून, "डिसेंबरात पुन्हा जाणारे. तू पण चल."

मग भाऊजी म्हणाले, रेंज नाही वाटतं, आणि फोन ठेवला. रेंज चांगली होती.

पुढच्या रविवारी निखिलचा फोन येईपर्यंत मला झोप नव्हती. तो अर्जाबद्दल काही बोलला नाही, मी विचारलं नाही. म्हणाला, नव्या बॅचच्या बॅरॅकमध्ये सामान हलवलं, खिडकीजवळची खाट मिळाली, वारा बरा येतो. शेजारची खाट नागपूरच्या पोराची आहे, तो फार घोरतो. मी म्हटलं, कापूस घाल कानात. एवढंच बोलणं. फोन ठेवला आणि पदराने तोंड पुसलं.

आता तो धावायला लागलाय, हळूहळू. डिसेंबरात काय होईल ते मला ठाऊक नाही. परत हाड दुखेल, परत मागे टाकतील, किंवा पाय बरा झाल्यावर स्वतःच नको म्हणेल. मी अजून घाबरतेच, टीव्हीचा आवाज अजून बंदच करते. आणि परेडच्या दिवशी तो खरंच त्या रांगेत असला तर मी जास्त घाबरेन, हेही माहीत आहे मला. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असा फोन आला तर जा बायांनो, तिकीट रद्द करू नका. ज्यांना म्हणायचं ते तसंही म्हणणारच असतात.

परवा नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीला गेलेले. दर्शनाच्या रांगेत गावाकडची एक ओळखीची बाई पुढे उभी. लांबूनच, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, "काय गं सुनंदा, तुझा निखिल परत आला म्हणे?"

"नाही आला."

"मग झाला का फौजी?"

"अजून नाही."

"मग गं? ते परेडला गेलेलात ते?"

"ती दुसऱ्या पोरांची होती," मी म्हटलं. "त्याच्या परेडला आम्ही पुन्हा जाणार आहोत."

रांग पुढे सरकली. ती मागे वळूनच उभी होती, मी पुढे सरकले.